‘तुमच्यात कसं असतं?’

‘तुमच्यात कसं असतं?’ हा प्रश्न मराठीत फार सहज विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कुतूहल असतं, बहुतेकदा आपुलकीही असते. पण प्रश्न संपेपर्यंत मध्ये एक भिंत उभी राहिलेली असते. समोरच्या सोळा वर्षांच्या मुलीला आता स्वतःच्या घराबद्दल बोलता येत नाही. तिला एका अख्ख्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायचं असतं, आणि तेही कुठे चुकायला नको अशा बेताने. मग ती कुठेतरी वाचलेलं, शाळेत पाठ केलेलं काहीतरी सांगते. विचारणारा मान डोलावतो. रेकॉर्डर चालू असतो, पण त्यात काही उतरलेलं नसतं.

वस्तीतल्या तरुण मुलामुलींना बरोबर घेऊन श्रद्धा आणि आपलेपणा या विषयावर काम करायचं म्हटलं, की आराखडा साधारण ठरलेला असतो. मुलांनी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या, जागांचे नकाशे आणि फोटो काढायचे, आणि तीन-चार महिन्यांनी ते सगळं वस्तीसमोर मांडायचं. आराखड्यात खोट नाही. काम फसतं ते बारीकसारीक गोष्टींत: प्रश्न कसा विचारला, कोणाच्या परवानगीने विचारला, आणि उत्तराचं पुढे काय करायचं हे कोणी ठरवलं. ‘तुमच्यात’च्या जागी ‘तुझ्या घरी’ एवढा एकच बदल करून पाहावा. एकाच धर्माची दोन मुलं शेजारी बसलेली असतात आणि त्यातलं एक पटकन म्हणतं, ‘आमच्या घरी नाही बाई असं!’ दोघं एकमेकांकडे बघायला लागतात. काम सुरू होतं ते तिथून.

या कामासाठी मराठीने आपल्याला एक सोय आयती करून दिली आहे. पुष्कळ भाषांत जिथे एकच शब्द असतो, तिथे मराठीत दोन आहेत: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. मुलाखत कागदावर उतरवून झाली की मुलांना दोन रंगांची पेनं द्यावीत आणि हे शब्द अधोरेखित करायला सांगावेत. ‘आमच्यात’, ‘आपल्यात’, ‘आपल्या इथे’ हेही धरावेत. नुसती मोजदाद मात्र करू नये, कारण ‘आपण’ आदराने ‘तुम्ही’ या अर्थीही येतं आणि ‘स्वतः’ या अर्थीही. वाक्य वाचूनच ठरवावं लागतं, आणि त्या वाचण्यातच मुलं खऱ्या अर्थाने मजकुराच्या जवळ जातात.

समजा, एक आजी बोलते आहे. ‘आम्ही पहाटेच उठायचो. आमच्यात ते चुकवून चालायचंच नाही. आमच्या सासूबाई फार कडक.’ पान-दीड पान सगळं ‘आम्ही’. मग गल्लीत पाणी शिरल्याच्या रात्रीची गोष्ट निघते आणि ती म्हणते, ‘सगळी पोरं आमच्याच माळ्यावर. अशा वेळी काय आपण कोण कुठला ते बघत बसतो?’ पेनाचा रंग इथे बदलतो. मुलांनी बोट ठेवायचं ते याच जागेवर. शब्द का बदलला? समोरच्या मुलाला तिने त्या ‘आपण’मध्ये धरलं का? आणि गोष्ट संपल्यावर पुन्हा ‘आम्ही’ कुठल्या वाक्यात आलं? या तीन प्रश्नांवर एक अख्खी मीटिंग जाते आणि ती वाया जात नाही.

संकटाच्या आठवणीत हा बदल सापडतो, याला कारण आहे. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण अकरा वर्षांची, एकाच धर्मपंथाची आणि सारख्याच आर्थिक थरातली. त्यांचे दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत हाडवैर तयार झालं. धर्म, वंश यांतलं काहीही वेगळं नसताना. मग दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून पाहिलं, एकत्र सिनेमा दाखवला. भांडणं थांबली नाहीत. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि दोघांनी मिळून बिघाड शोधला, बंद पडलेला ट्रक दोघांनी मिळून दोरीने ओढला, तेव्हा कुठे वैर उतरायला लागलं. मुलांना अंधारात ठेवून केलेला हा प्रयोग आज कोणी करू नये, पण त्यातला धडा पक्का आहे. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने भिन्न समूहांच्या भेटीतून पूर्वग्रह केव्हा कमी होतात याच्या चार अटी मांडल्या: दर्जा समान, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा पाठिंबा. पुढे २००६मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप या संशोधकांनी ५००हून अधिक अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात. या अटी पाळल्या तर जास्त कमी होतात, असं त्यात दिसलं.

म्हणूनच ‘सर्वधर्मीय संवाद’ असा फलक लावून मुलांना गोलात बसवण्याला फारसा अर्थ नाही. त्यांच्या हाती एकत्र पुरं करायचं असं काम द्यावं, ज्यात एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. मुलाखतीला दोघांची जोडी पाठवावी. एक प्रश्न विचारतो, दुसरा हेडफोन लावून आवाज सांभाळतो, आणि पुढच्या मुलाखतीला अदलाबदल. जोड्या वेगवेगळ्या घरांतल्या मुलांच्या असाव्यात, पण चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात. धर्म पाहून जोड्या लावल्या की मुलांच्या ते लगेच लक्षात येतं, आणि पुन्हा ‘तुमच्यात’ सुरू होतं.

गट जमवण्यापासूनच हे जपावं लागतं. आठ ते बारा जण पुरे. सहापेक्षा कमी असले तर दोन जण गैरहजर राहिले की काम थांबतं, पंधराच्या वर गेले की चौघंच बोलतात. फक्त प्रार्थनास्थळांमार्फत निरोप दिला तर तिथे रोज दिसणारी, तिथल्या मोठ्यांना पसंत असलेली मुलं येतात. ज्याचे आईवडील दोन वेगळ्या धर्मांचे आहेत, जिने घरचं सगळं मानणं सोडलं आहे पण घरात सांगितलेलं नाही, ज्याला या सगळ्याबद्दल काहीच वाटत नाही, ती मुलं कुठल्याच यादीत नसतात. त्यांच्यासाठी मैदान, ग्रंथालय, वसतिगृह, क्लास सुटायची वेळ अशा जागी जावं लागतं. श्रद्धेवरच्या प्रकल्पात श्रद्धा नसणाऱ्याला पाहुणा समजलं, तर आपलेपणाबद्दल बोलायचा हक्कच राहत नाही असं मला वाटतं. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १८वं कलम धर्म पाळण्याबरोबर तो बदलण्याचंही स्वातंत्र्य देतं. १९८९च्या बालहक्क संहितेचं १४वं कलम १८ वर्षांखालच्यांनाही विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मान्य करतं. पहिल्याच मीटिंगमध्ये हे साध्या शब्दांत वाचून दाखवावं. काही मुलांनी ते पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

वेळ किती लागतो, याचा अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो, आणि तो चुकतो लिहून काढण्याच्या टप्प्यावर. पंचेचाळीस मिनिटांच्या दहा मुलाखती म्हणजे साडेसात तासांचं बोलणं. सराव नसलेल्या हाताला एक तास उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे नुसतं टायपिंगच तीस ते पंचेचाळीस तास. अॅपने केलं तर पहिला खर्डा झटपट मिळतो, पण प्रार्थनेतले शब्द, नातेवाइकांची नावं आणि बोलीतली क्रियापदं नेमकी तिथेच बिघडतात. तपासणीला मूळ आवाजाच्या दुप्पट वेळ धरावाच. आठवड्याला दीड तासाच्या हिशेबाने चौदा-पंधरा आठवडे ठेवावेत. पहिले तीन आठवडे रेकॉर्डर कपाटातच राहू द्यावा. मीटिंगचा दिवस ठरवताना सगळ्यांच्या प्रार्थनेच्या वेळा, उपवासाचे काळ आणि परीक्षा एकाच कॅलेंडरवर मांडाव्यात, आणि हे काम मुलांनाच करू द्यावं. कोणाचा कुठला दिवस मोकळा नाही हे एकमेकांना सांगताना जितकी माहिती होते, तितकी कुठल्या व्याख्यानाने होत नाही.

संमती ही एका सहीची बाब नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी परवानगी लागतेच, पण पालकांनी हो म्हटलं आणि मूल नको म्हणालं, तर ते नकोच धरावं. पत्रकावर तीन वेगळे चौकोन असावेत: रेकॉर्ड करायला हरकत नाही, वस्तीतल्या प्रदर्शनात ऐकवायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही. पहिल्या दोनांवर खूण करून तिसरा मोकळा सोडणारे लोक बरेच असतात, आणि एकच चौकोन ठेवला तर त्यांचा नाइलाज होतो. दुसरी संमती मुलाखत झाल्यावर, रेकॉर्डिंग ऐकवून किंवा उतरवलेला मजकूर हाती देऊन घ्यावी. बोलण्याच्या भरात माणूस नणंदेबद्दल, शेजाऱ्याबद्दल, कधी धर्मगुरूबद्दलही बोलून जातो. ‘कुठल्याही कारणाशिवाय मागे घेता येईल’ हे वाक्य आणि शेवटची तारीख पत्रकात ठळक छापावी. प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधीची तारीख ठेवली की जुळवाजुळवीला वेळ मिळतो.

आता प्रत्यक्ष मुलाखत. खोलीत शिरल्यावर आधी कानांनी पाहावं. पंखा, फ्रिज, रस्त्याकडची खिडकी. जे बंद करता येईल ते विचारून बंद करावं. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर विमान मोड लावावा, नाहीतर ऐन बोलण्यात रिंग वाजते. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओढणी किंवा साखळी त्याला घासणार नाही असा. घासण्याचा आवाज नंतर काढता येत नाही. फाइल वेव्ह (WAV) प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवली तर एका माइकची तासाला साधारण ५०० एमबी जागा लागते. आधी मेमरी रिकामी करावी. सुरुवातीला कोणीही न बोलता तीस सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करावी. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधला सांधा बुजवायला ती लागते. आणि हेडफोनशिवाय रेकॉर्डिंग करूच नये. माइकची वायर सैल आहे हे घरी जाऊन कळण्यासारखं दुःख नाही, कारण तीच गोष्ट माणूस दुसऱ्यांदा तशी सांगत नाही.

पहिला प्रश्न श्रद्धेवर नसावा. वस्तू, आवाज, जागा यांवर असावा. ‘लहानपणी सकाळी घरात सगळ्यात आधी कुठला आवाज यायचा?’ ‘घरं बदलली तरी दर वेळी बरोबर आली अशी एखादी वस्तू?’ आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला: ‘आत येऊ का, असं विचारावं लागत नाही अशी तुमची जागा कुठली?’ या प्रश्नाला काही जण प्रार्थनास्थळाचं नाव घेतात, काही मैत्रिणीचं स्वयंपाकघर म्हणतात, काही गप्प होतात. ती शांतता भरायला घाई करू नये. मनात दहापर्यंत मोजावं. नवख्या मुलांना तीनच्या पुढे राहवत नाही, म्हणून आधी एकमेकांवर सराव करून घ्यावा. दहाच्या आसपास माणूस पुष्कळदा आपणहून बोलायला लागतो, आणि ते बोलणं पहिल्या उत्तरापेक्षा खोलातलं असतं. डोळ्यांत पाणी आलं तर रेकॉर्डिंग थांबवू का, असं विचारावं. थांबवून टाकू नये आणि न विचारता चालूही ठेवू नये.

नकाशाबद्दल एक इशारा देतो. वस्तीच्या मोठ्या नकाशावर ‘इथे मला मोकळं वाटतं’, ‘इथे मला परकं वाटतं’ असे रंगीत ठिपके लावायचा उपक्रम सोपा आणि लोकप्रिय आहे, आणि तोच सगळ्यात धोक्याचा. एखाद्या गल्लीत एका धर्माचं एकच घर असेल, तर तिथला एक ठिपका म्हणजे त्या घरातल्या मुलीचं नाव लिहिल्यासारखं होतं. गटाने काम करण्याचा नकाशा आणि लोकांना दाखवायचा नकाशा वेगळे ठेवावेत. दाखवायच्या नकाशात पाचपेक्षा कमी ठिपक्यांची जागा शेजारच्या भागात मिसळून टाकावी. फोटोंनाही हाच नियम. लोकांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांच्याच डोळ्यांनी वस्ती पाहण्याची पद्धत कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांबरोबर घडवली. त्यात फोटोइतकीच, किंबहुना जास्त, किंमत आहे ती फोटोभोवती बसून होणाऱ्या बोलण्याला. शंभर फोटो काढून भिंतीवर चिकटवण्यापेक्षा प्रत्येकाने तीन निवडावेत आणि हेच का निवडले ते सांगावं. चेहऱ्यांऐवजी हात, उंबरठे, झिजलेल्या पायऱ्या, दारामागचे खिळे टिपायला सांगितलं, की परवानग्यांचा गुंता सुटतो आणि फोटोही सुधारतात.

रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांचा वापर, मुलांची सजावट, आणि नावापुरता समावेश. श्रद्धेवरचे प्रकल्प नेमके दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडकतात, कारण मोठ्यांना वाद नको असतो. मुलं वेगवेगळ्या पोशाखांत उभी राहतात, फोटो निघतो, आणि कुठली मुलाखत ठेवायची ते ऑफिसात ठरतं. म्हणून अधिकार सुरुवातीलाच लिहून ठेवावेत. प्रश्न मुलं ठरवणार. काय वगळायचं ते मुलं आणि ज्याची मुलाखत आहे तो माणूस ठरवणार. ताई-दादांना, म्हणजे गट चालवणाऱ्या मोठ्यांना, नकाराधिकार फक्त दोन कारणांसाठी: कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर, आणि कायदा मोडत असेल तर. ‘हे लोकांना आवडणार नाही’ हे तिसरं कारण त्यात घुसू देऊ नये. कपाटाची किल्ली, कॅमेऱ्यांची नोंदवही आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च मुलांच्या हाती असावा. ताई-दादांना मानधन मिळत असेल आणि मुलांना नुसतं प्रमाणपत्र, तर कितीही वेळा ‘आपण’ म्हटलं तरी ते ‘आम्ही’च असतं. मुलांना ते बरोबर कळतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मोठ्यांनी मोठ्यांसारखंच वागावं. बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल असं कधीही नको. फोनवरच्या ग्रुपमध्ये दोन मोठी माणसं असावीत. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. धर्म बदलल्यामुळे, सोडल्यामुळे किंवा दुसऱ्या धर्मातल्या कोणाशी मैत्री केल्यामुळे घरात मारहाण होते, असं एखादं मूल सांगू शकतं. तेव्हा खोदून विचारू नये, त्याचेच शब्द त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावेत, आणि आधी ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीकडे ते न्यावेत. ती व्यक्ती कोण, हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना माहीत हवं.

धर्मगुरू आणि वस्तीतली जाणती माणसं यांना टाळून हे काम होत नाही. ऑलपोर्टची चौथी अट तीच आहे. त्यांना सुरुवातीला मुलांनीच जाऊन भेटावं, काय करणार आणि काय करणार नाही ते सांगावं, मुलाखत मागावी. बोलावणं वेळेवर गेलं तर बहुतेक माणसं मदतच करतात. गोष्ट बिघडते ती शेवटच्या आठवड्यात दाखवायला बोलावल्यावर. मग पाहणी होते, आणि ‘हे तेवढं काढा’ सुरू होतं. त्यांना आदराने आधी बोलवावं, पण एडिटिंगच्या टेबलावर त्यांची खुर्ची नसावी.

मांडणीत एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: धर्मवार कोपरे करू नका. तसं केलं की प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात जाऊन आपलं नीट लिहिलंय ना एवढंच तपासतो. पहाट, प्रवास, दुखणं, घरातलं मरण, सोडून दिलेल्या गोष्टी अशा धाग्यांनी मांडा. पाटीवर पन्नास-साठ शब्दांपेक्षा जास्त मजकूर उभ्याने वाचला जात नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या जरा खाली ठेवावा. ऐकायचे तुकडे दोन ते तीन मिनिटांचे, आणि प्रत्येक हेडफोनपाशी बसायला स्टूल. उभं राहून लोक वीस सेकंद ऐकतात, बसले की पुरतं ऐकतात.

प्रत्येक आवाजाखाली बोलणाऱ्याचं त्या दिवशीचं वय, महिना आणि साल लिहावं. सोळाव्या वर्षी श्रद्धेबद्दल बोललेलं विसाव्या वर्षी त्याच माणसाला आपलं वाटेलच असं नाही, दोन्ही बाजूंनी. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या जागी, हे सगळे करतात. वर्षभराने प्रत्येकाला पुन्हा विचारण्याची तारीख मात्र वहीत आजच लिहावी लागते, आणि फोन कोण करणार त्याचं नावही. कोणी ‘काढून टाका’ म्हणालं तर कारण न विचारता तिन्ही प्रती पुसाव्यात. यादीतला त्याचा क्रमांक मात्र पुढच्याला देऊ नये. सहा, आणि मग आठ. मधली ओळ कोरी ठेवावी.